शेवटचा ट

कोक-बुलाक,
१४ मे

आदरणीय तुर्दुकान एजे,

सलाम. गुडघे कसे आहेत तुमचे? इकडे वारा अजून बोचरा आहे. खिंडीतला बर्फ अर्धाअधिक गेला, आणि यंदा आमच्या मेंढ्यांना जुळी बरीच झाली, त्यामुळे आई दिवसभर गोठ्यातच असते. तुमच्यासाठी तिने दह्याचे गोळे करून कुरुत वाळवलंय, खारट कमी आणि आंबट जास्त, तुम्हाला आवडतं तसं. झूरा हे पत्र घेऊन येईल तेव्हा पिशवीही आणेल. फोन तुम्ही उचलत नाही. गेले पाच शुक्रवार मी तुमच्या फाटकापर्यंत आले आणि तशीच पुढे गेले. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

तुमची तक्रार मला पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी वाचून दाखवली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार बंद करून. ते बिचारे वाचताना दर ओळीला घसा खाकरत होते. मी मुलांना इंग्रजीतला 'थ' शिकवत नाही. आरसा काढून टाकला. ब्रिटिश कॅसेटच्या जागी फोनवर इराणी, पोलिश, कोरियन लोकांचं मोडकं इंग्रजी ऐकवते. एका पिढीची जीभ बिघडवते. एजे, यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. मी तसंच सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, निदान एखादी गोष्ट तरी नाकारा!" मी म्हटलं, नाकारण्यासारखं काही असेल तर नाकारीन ना.

२ जूनला तालुक्याच्या कचेरीत सुनावणी आहे. तुम्हालाही बोलावलंय. म्हणून माझं म्हणणं आधी तुम्हाला कळावं. दुसऱ्या कुणासमोर पहिल्यांदा ऐकावं लागणं तुम्हाला शोभणार नाही आणि मलाही.

तुम्हाला आठवतं, तुम्ही आम्हाला आरशासमोर उभं करून जीभ दातांच्या मध्ये धरायला लावायचात? अर्धा तास 'थ'. आमची किरगीझ जीभ 'सँक यू' म्हणायची आणि तुम्ही पट्टी आपटायचात. मला ते जमलं, एजे. वर्गात एकटीला जमलं. तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तो अजून जाणवतो. पण सोळा उन्हाळे मी तळावर दुभाषी म्हणून काढले. शिखरावर जाणारी माणसं तिथे जगभरातून येतात. त्या सोळा उन्हाळ्यांत 'थ' नीट न म्हटल्यामुळे कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. 'त्री डेज' म्हणा, 'स्री डेज' म्हणा, समोरच्याला तीनच दिवस कळतात. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. स्वर लांब की आखूड, शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळलं का, वाक्यात जोर कुठल्या शब्दावर दिला. आणि तिथे समोर इंग्रज नसतोच. कोरियन माणूस इराण्याशी बोलतो, पोलिश माणूस आमच्या झूराशी बोलतो, आणि चौघांची मिळून ती एकच भाषा.

म्हणून मी हिवाळ्यात तळावरच्या माणसांचा वर्ग सुरू केला. शाळेतल्या मुलांना त्यातलंच थोडं शिकवते. पहिल्या दिवशी स्वयंपाकीण झूरा म्हणाली, "माझी जीभ पन्नास वर्षं आपल्या जागी गुमान आहे. आता दाताबाहेर काढून कुणाला दाखवू?" मी म्हटलं, नको काढू. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी परातभर कणकेचे बोर्सोक तळून आणले.

घोडेवाले सुयुन बाइके, तळावरच्या सगळ्यांचे दादा, मात्र हट्टी. 'शिप' म्हणजे जहाज, 'शीप' म्हणजे मेंढी, हे मी चार वेळा सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, इथे जहाज कुठून येणार? कुणी कसंही म्हणो, मी मेंढीच समजेन." सगळे हसले. मग मी विचारलं, बाइके, एखादा आजारी माणूस म्हणाला, 'आय वाँट टु लीव्ह', तर त्याला इथून जायचंय. तुम्ही 'लिव्ह' ऐकलंत, तर त्याला इथे राहायचंय असं समजून घोडा सोडून द्याल. ते जवळ सरकून बसले. मग म्हणाले, "पुन्हा म्हण. सावकाश."

हे थांबवायला लावाल तर मी थांबणार नाही, एजे. नोकरी गेली तरी. कारण विचाराल, तर ते सुनावणीत सांगेन. इथे लिहायला जागा कमी आहे.

तुमचा तालाय बरा आहे. तुमच्याकडे आला होता असं कळलं. तो माझ्या वर्गात पुढच्या रांगेत बसतो, हे तुम्हाला झूराने सांगितलंच असेल.

कुरुताची पिशवी परत पाठवू नका. ती आईची आहे.

तुमची,
सैरागुल

---

२६ मे

तुर्दुकान एजे,

या वेळी गुडघ्यांचं विचारत नाही. आधीच्या पत्रात मी जागा कमी असल्याचं लिहिलं, ते खोटं होतं. वहीत अजून साठ पानं कोरी आहेत.

परवा तालाय आला. तक्रारीची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. डाव्या हाताचा मोजा न काढता तो माझ्यासमोर बसला. मलाही तो थोरली बहीण म्हणून एजेच म्हणतो. म्हणाला, "एजे, सुनावणीत आई बोलेल. तुम्ही काय बोलाल?" मी माझे सगळे मुद्दे सांगितले. स्वर, व्यंजनं, जोर. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि तो ऑगस्ट?"

मी वही मिटली. तो म्हणाला, "मी तीन वर्षं सांभाळलं. पण आता आई तुमच्यावर तक्रार करते, आणि तुम्ही असं का शिकवता हेच तिला माहीत नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्टचा सतरावा दिवस. दुपारी बारा-साडेबारा झाले असतील. मी तळावरच्या तंबूत वायरलेसपाशी बसले होते. तालाय पहिल्या कँपवर, दोन माणसं आणि स्ट्रेचर दुसऱ्या बाजूला. वरून कोरियन गटाचे प्रमुख, श्री. हान, यांचा आवाज आला. त्यांचा एक गडी घसरला होता. आवाजात खरखर होती, वारा होता. ते म्हणाले, "लेग, लेग. ही कॅन... वॉक. स्लोली, वी वेट."

एजे, तुम्ही आम्हाला 'कान्ट' शिकवलं. लांब आ. चालता येत नाही म्हणजे 'कान्ट वॉक'. तुमच्या कॅसेटमधला तो माणूस तसंच म्हणायचा. माझा कान त्या लांब 'आ'ची वाट बघत होता. श्री. हान अमेरिकन पद्धतीने शिकले होते. त्यांचं 'कॅन्ट' आखूड होतं, आणि शेवटचा ट त्यांच्या घशातच राहिला. मी ऐकलं 'कॅन वॉक'. चालू शकतो.

इथेच पत्र संपवता आलं असतं. दोन देशांचे दोन उच्चार, मध्ये वारा, दोष कुणाचाच नाही. इतकी वर्षं मी स्वतःला असंच समजावलं.

पण मला शंका आली होती. 'कॅन'नंतर काहीतरी अडलं होतं. एक बारीक गचका. तो मी ऐकला. बोट बटणावर होतं. 'पुन्हा सांगा' एवढंच म्हणायचं होतं. तंबूत जर्मन डॉक्टर उभे होते, शेजारी मॅनेजर. त्याच सकाळी मॅनेजर त्यांना सांगत होता, आमची सैरागुल लंडनच्या माणसासारखी बोलते. मी खाली मान घालून हसले होते. आता त्याच डॉक्टरांसमोर 'मला कळलं नाही' असं म्हणू? वर्गात 'काय?' विचारणाऱ्याला तुम्ही भिंतीशी उभं करायचात. मी शाळेत एकदाही भिंतीशी उभी राहिले नव्हते.

मी म्हणाले, "ओके. अंडरस्टूड."

मग तालायला आपल्या भाषेत सांगितलं, "गडी चालू शकतो. तू एकटाच जा आणि त्याला हळूहळू खाली आण. स्ट्रेचरची माणसं इकडेच लागतील."

तो गेला. दीडला पोचला. त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली मोडलेला होता. ढग खाली उतरले. तालायचा वायरलेस थंडीने बंद पडला. त्या माणसाचे हातमोजे घसरताना गेले होते, म्हणून तालायने आपले त्याला दिले. मी पाठवलेलं स्ट्रेचर संध्याकाळी सहाला पोचलं, तेही तिसऱ्या गटाने खाली येऊन सांगितलं म्हणून. साडेचार तास तो त्या माणसाला पाठीशी धरून बसला होता. कोरियन माणूस वाचला. तालायची चार बोटं गेली.

ओशच्या इस्पितळात मी त्याला म्हटलं, आईला मी सांगते. तो म्हणाला, "नको. ती तुमच्याशी बोलायची बंद होईल, आणि शुक्रवारी तिच्याकडे चहाला दुसरं कोण येतं?" त्याने तुम्हाला सांगितलं, मीच कुणाला न विचारता एकटा गेलो. कंपनीच्या अहवालातही तेच लिहिलं गेलं. मी दुभाषी म्हणून खाली सही केली.

तेव्हापासून तुम्ही त्याला अविचारी म्हणता. माझ्यासमोर म्हणालात, कितीतरी वेळा. "बापासारखाच अविचारी, कुणाला विचारणं म्हणून नाही." मी तुमच्या पुढ्यात बसून चहा ढवळत राहिले.

एजे, मी तुमच्या शिकवण्यावर ढकलत नाही. तुम्ही कधी एकाही परदेशी माणसाशी न बोलता, दोन कॅसेटच्या जोरावर अडतीस वर्षं आम्हाला इंग्रजी दिलंत. ते नसतं तर मी त्या तंबूत पोचलेच नसते. विचारलं नाही ते मी. वय वर्षं सदतीस, कुणी पट्टी घेऊन उभं नव्हतं.

माझ्या वर्गात पहिला धडा स्वरांचा नसतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उठून, जोरात, न लाजता, तीन वेळा म्हणायचं, 'से अगेन, प्लीज.' आणि 'कान्ट' आम्ही म्हणतच नाही, ना लांब ना आखूड. आम्ही म्हणतो, 'कॅन नॉट'. दोन शब्द, मध्ये श्वास. वाऱ्यातही कळतं.

हे सगळं मी २ तारखेला कचेरीत सांगणार आहे. तालायला हे पत्र वाचायला दिलंय. तोच घेऊन येईल.

सैरागुल

---

तळावरून,
८ सप्टेंबर

आदरणीय तुर्दुकान एजे,

आज शेवटचे तंबू उतरले. कालच्या बर्फाने गवत झाकलंय आणि घोडे खाली जायची घाई करताहेत. मीही परवा निघेन. त्याआधी हे लिहायला हवं, कारण तीन महिन्यांपूर्वीचं उत्तर माझ्याकडून राहिलंय.

सुनावणीत मी बोलत होते तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघत होता. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग तुम्हाला विचारलं, "मग काय करायचं, वर्ग बंद करायचा?" तुम्ही जे म्हणालात ते मी त्याच दिवशी वहीत उतरून ठेवलं, कारण माझा माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता. तुम्ही म्हणालात, "शाळेत हिने पुस्तकाप्रमाणे शिकवावं. 'थ'सकट. वर तळावर हिला काय शिकवायचं ते शिकवू द्या. तिथे माझं पुस्तक कामाला आलं नाही."

बाहेर बसथांब्यावर मी तुमची पिशवी धरायला पुढे आले. तुम्ही ती दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या मुलाची बोटं गेली आणि तू तीन वर्षं माझ्या हातचा चहा प्यालीस," एवढं म्हणालात. मग बसच्या पायरीवरून वळून, "तालायला वर नेऊ नकोस." बस गेली.

एजे, मी त्याला नेलं. तुम्ही मना केल्याचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "एजे, मी चौतीस वर्षांचा आहे. मला तिथेच काम येतं. आईला सांगा की या वेळी मी तळावरच्या वायरलेसवर असेन, डोंगरावर नाही." मी त्याला अडवलं असतं तर तुमचा शब्द राहिला असता. पण त्याच्यासाठी दुसऱ्यांदा मी ठरवायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

उन्हाळाभर तो वायरलेसवर बसला, मी शेजारी. बटण तो अंगठ्याने दाबतो. एकही निरोप त्याने एका फेरीत घेतला नाही. पहिले पंधरा दिवस लोक वैतागले. एक पोलिश म्हातारा तंबूत येऊन ओरडला, तुम्ही सगळे बहिरे आहात का? तालाय म्हणाला, "नो. केअरफुल." म्हातारा निघून गेला, आणि संध्याकाळी चॉकलेट घेऊन आला.

एक गंमत सांगते, तुम्हाला हसू आलं नाही तरी चालेल. जुलैत इराणी गटाचा निरोप आला. "वी लॉस्ट वन पोल." वर त्या दिवशी सात पोलिश लोक होते, आणि पोलिश माणसालाही 'पोल'च म्हणतात. झूराच्या हातातला झारा खाली पडला. सुयुन बाइके घोडा आणायला धावले. तालाय शांतपणे म्हणाला, "से अगेन, प्लीज. पोल, मॅन? ऑर पोल, स्टिक?" पलीकडे खरखर. मग हसण्याचा मोठा आवाज. "स्टिक, स्टिक! फॉर टेंट! पोलिश इज हिअर, ही इज ईटिंग अवर सूप!"

सगळंच जमलं असं नाही. दोन घोडेवाल्यांनी वर्ग सोडला. एका फ्रेंच बाईचं बोलणं आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, तिला लिहून द्यायला लावलं. आणि शाळेत मी वर येण्याआधीच तुम्ही सांगितल्याप्रमाणे आरसा परत लावलाय. मुलं जीभ बाहेर काढून एकमेकांना वेडावतात. पण दहावीतल्या एका मुलीला तो 'थ' फार सुंदर जमतो. ती म्हणाली तेव्हा मला तुमच्या वर्गाची आठवण आली. तो 'थ' मी यापुढे गाळणार नाही. सर्वांत आधी नाही शिकवणार, एवढंच.

आता खरं काम. ऑगस्टच्या सतरा तारखेला मी मॅनेजरकडे गेले आणि तीन वर्षांपूर्वीचा अहवाल मागितला. तो म्हणाला, "जुनं कशाला उकरता? तालायचं काही म्हणणं नाही, कोरियन माणूस जिवंत आहे." मी म्हटलं, त्यात खोटं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. तो म्हणाला, बदललात तर पुढच्या वर्षी दुभाषी म्हणून तुम्हाला घेता येणार नाही. मी म्हटलं, नका घेऊ. वर्ग तेवढा हिवाळ्यात चालू ठेवा, तो मी घेईन. त्याने बराच वेळ कपाळ चोळलं. मग कागद काढून दिला.

मी स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहिली. निरोप कुणी चुकीचा घेतला. शंका येऊनही कुणी विचारलं नाही. तालाय एकटा का गेला, कुणाच्या सांगण्यावरून गेला, त्याने आपले हातमोजे कुणाला दिले. श्री. हान यांनाही मी तेच कळवलं. त्यांचं उत्तर आलं. त्यांना वाटत होतं की चूक त्यांच्या इंग्रजीची होती, आणि तीन वर्षं ते कुणाशी इंग्रजीत बोलले नव्हते.

दुरुस्त अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. किरगीझमध्ये आहे, मोठ्या अक्षरात लिहिली आहे, म्हणजे तुम्हाला चष्म्याविना वाचता येईल. शेजाऱ्यांना दाखवा, झूराला दाखवा, ज्यांच्यासमोर तुम्ही त्याला बोललात त्या सगळ्यांना दाखवा.

माझ्यासाठी काही मागत नाही. मला क्षमा करायची की नाही, हे तुम्ही ठरवाल, आणि ठरवलं नाहीत तरी वर्ग नोव्हेंबरात सुरू होईल. पण एक मागते, आणि हे मी पुन्हा पुन्हा मागणार आहे. त्याला यापुढे अविचारी म्हणू नका, एजे. तो विचारूनच गेला होता. सांगणारी मी होते.

जुन्या आणि नव्या, दोन्ही कागदांवर सही माझीच आहे.

सैरागुल